सामाईक इंजिन

सोपाननाना कुणाशीही बोलायचं झालं की आधी ट्रॅक्टर बंद करायचे, मग बोलायचे. समोर कोण आहे याला महत्त्व नव्हतं. सरपंच असो, भीमाशंकरची वाट विचारणारा पुण्याचा पावणा असो, की "नाना, किती वाजलं?" एवढंच विचारणारी शाळकरी पोर असो, नाना दांडी ओढणार, इंजिन धापा टाकत थांबणार, आणि मग कान पुढे करून ते विचारणार, "हां, बोला."

एकदा मी म्हटलं, "नाना, चालू ठेवूनच बोलायचं की. स्टार्टर किती झिजतो."

"मानूस बोलतोय आन् आपुन वरनं धडधड ठिवायची? त्यो काय कुत्रं हाय व्हय, गाडीमागं भुकाया?"

मंचरला हायवेच्या कडेला मी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचो. चालवायचो हा शब्द जरा मोठा झाला. दुकान आपोआप चालायचं, मी त्यात बसायचो. मी मूळचा जुन्नरचा. पुण्याला इंजिनिअरिंगच्या पदविकेला गेलो होतो, पण दुसऱ्या वर्षी प्राध्यापकांचं आणि माझं एकमत झालं की मी घरी जावं. ही गोष्ट नानांना कुणीतरी सांगितली आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडी माझं नाव 'इंजिनेर' पडलं. टिंगल होती, पण ते इतक्या आदबीनं म्हणायचे की नवख्या गिऱ्हाइकाला खरंच वाटायचं. दोघा-तिघांनी तर माझ्याकडून विहिरीवरच्या मोटरींबद्दल सल्लाही नेला. त्या मोटरींचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

नाना शिनोलीचे. उंच, थोडे वाकलेले, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, धोतराच्या सोग्याला कायम ग्रीसचा एक तरी डाग. दुकानात आले की आधी डब्यातलं तेल बोटावर घ्यायचे, अंगठ्यानं चोळायचे, डोळे मिटून हुंगायचे. पाहणाऱ्याला वाटावं, या माणसाला तेलातलं सगळं कळतं. मलाही तसं वाटायचं. मग एका दुपारी माझ्या अंगात खोडी आली आणि मी जेवणाच्या डब्यातल्या ठेच्यावरचं शेंगदाण्याचं तेल त्यांच्या बोटावर ठेवलं. नानांनी डोळे मिटले, हुंगलं, चोळलं. "लई भारी. ह्येच द्या पाच लिटर." मी खरं सांगितल्यावर ते पोट धरून हसले आणि बोट चाटून टाकलं.

म्हणजे नाना काही यंत्रातले दर्दी नव्हते. त्यांचा जीव होता तो यंत्र टिकण्यात. त्याला कारण होतं, आणि ते कारण तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

नाना थोरले, किसन धाकटा. दोघांत बारा-तेरा वर्षांचं अंतर. आई लवकर गेली, तेव्हा किसनला नानांनीच कडेवर वाढवला. नानांना स्वतःचं मूलबाळ झालं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भावांच्या वाटण्या झाल्या. का झाल्या ते मी कधी खोदून विचारलं नाही. विचारलं असतं तर नानांनी आधी काहीतरी बंद केलं असतं आणि मग गप्प बसले असते. पंचांनी जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या लावल्या, गाई दोन दावणींना बांधल्या, हंडे-घंगाळी मोजून दिली, अंगणातून भिंत गेली. राहिला ट्रॅक्टर. पंच म्हणाले, एकानं ठेवावा आणि दुसऱ्याला भरपाई द्यावी. नाना म्हणाले, "न्हाई. त्यो सामाईक."

मग ठरलं की एक आठवडा ट्रॅक्टर याच्याकडे, एक आठवडा त्याच्याकडे. दर रविवारी सकाळी ज्याच्याकडे असेल त्यानं तो दुसऱ्याच्या दारात नेऊन लावायचा आणि किल्ली हातात द्यायची. किल्ली द्यायला दारात आलेल्या माणसाला तसंच कसं लावून देणार? म्हणून चहा. चहाबरोबर पाऊसपाण्याच्या दोन गोष्टी. मग किसनची लेक रंजना येऊन नानांच्या मांडीवर बसायची. बाकी सहा दिवस भिंतीच्या या बाजूचा आवाज त्या बाजूला जायचा नाही. एकमेकांच्या उंबऱ्यात पाय टाकायला त्या दोघांना उरलेलं निमित्त म्हणजे तो जुना, निळा, पस्तीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर.

"इंजन हाय तवर ऐतवारचा च्या हाय, इंजिनेर," नाना एकदा मला म्हणाले. "त्ये बसलं की मी कुठल्या तोंडानं त्याच्या दारात जाऊ?"

पुढं आमच्या भागात ऊस वाढला. कारखान्याला डबल ट्रॉल्या जायला लागल्या. शेजारपाजारचे नवे, मोठे ट्रॅक्टर किसनच्या पुढून धुरळा उडवत जायचे आणि आपला निळा चढाला काळा धूर ओकत रांगायचा. किसनला वाटायला लागलं, हा विकावा आणि मोठा घ्यावा. गैर काही नव्हतं. तरणा माणूस, अंगात धमक, बायको-पोरं. तो एका रविवारी चहा पिता पिता तसं बोलला. दुसऱ्याच दिवशी नाना माझ्या दुकानात तेलाच्या उलट्या डब्यावर येऊन बसले.

"इंजिनेर, म्हाताऱ्या बैलाला तरणा करायचा काई उपाव हाय का?"

"कुठला बैल?"

"आमचा."

मी ताठ बसलो. टर्बोचार्जर या विषयात मी अर्ध्या प्रकरणापर्यंत शिकलेलो होतो. उरलेल्या अर्ध्या प्रकरणात त्याचे धोके होते, पण त्याआधीच माझं आणि प्राध्यापकांचं एकमत झालेलं होतं. मी नानांना समजावलं: सायलेन्सरमधून जो गरम धूर फुकट जातो, त्याच्या वाटेत एक चक्री बसवायची. धुराच्या जोरानं ती गरगर फिरते. तिच्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्री. ती बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा भरपूर झाली की डिझेल पुरतं जळतं, काळा धूर जातो, ताकद येते.

टर्बोबद्दल माझ्याकडे चौकशी करणारे आणखीही आले होते. प्रत्येकानं एकच विचारलं होतं, किती वढंल? नानांनी ते विचारलंच नाही.

"टिकंल का?" ते म्हणाले.

"टिकेल की! उलट जास्तच टिकेल."

आणि ते अगदीच खोटं नव्हतं बरं का. डिझेल वाढवलं नाही, नुसती हवा वाढवली, तर इंजिन स्वच्छ जळतं, तेलात काजळी कमी धरते. हे अर्ध्या प्रकरणात होतं.

पुण्याच्या भंगार बाजारातून एका अपघातातल्या ट्रकचा टर्बो मी आणला. एसटीत मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टरनं विचारलं, "काय ए?" म्हटलं, "टर्बो." त्यानं कोंबड्याचं तिकीट फाडलं.

बसवायचं काम घोडेगावच्या वसंत मिस्त्रीकडे होतं. त्याला मदत करायला मी उभा राहिलो. तिथंच माझं चुकलं. टर्बोच्या बेअरिंगला इंजिनातलंच तेल लागतं. ते तेल वापरून झालं की एका नळीतून परत खाली चेंबरमध्ये उतरतं. ही नळी जाड हवी, सरळ उताराची हवी. मी बारीक लावली आणि दिसायला बरं म्हणून तिला एक छानसं वळण दिलं. पहिली चक्कर मारायला नाना आणि मी घोडेगावच्या बाजारातून निघालो तेव्हा तुंबलेलं तेल उलटं फिरून सायलेन्सरमध्ये उतरलं. पांढऱ्या-निळ्या धुरानं सगळा बाजार झाकला. सुकटवाली बाई तेवढ्यातून ओरडली, "मेल्यांनो, बोंबील पुन्यांदा भाजताय व्हय रं!" नानांनी ताबडतोब ट्रॅक्टर बंद केला आणि खाली उतरून तिला हात जोडले. मी धुराचा फायदा घेऊन मागच्या गल्लीतून निघून गेलो.

मिस्त्रीनं नळी बदलली. मग दोघा भावांना समोर उभं करून त्यानं सांगितलं, आणि मला आठवतंय, दोघांनीही शाळेतल्या पोरांसारख्या माना डोलावल्या.

"ह्यो इंजन टर्बोसाठी जलमाला आल्याला न्हाई, ध्यानात ठिवा. तेल निम्म्या वख्तात बदलायचं. पंपाचा ह्यो स्क्रू, ह्येला हात लावायचा न्हाई. जादा डिझेल पाजलं की पिस्टन इतळंल. आन् वढून आल्यावर लगीच बंद करायचं न्हाई. टर्बो लाल झाल्याला असतो, गरगरत असतो. इंजन बंद की त्याचं तेल बंद. आत ऱ्हायल्यालं जागच्या जागी करपतं. एक बिडी हुईस्तवर चालू ठिवायचं."

"मी बिडी वढत न्हाई," नाना म्हणाले.

"मंग एक अभंग म्हना."

पहिलं वर्ष सोन्याचं गेलं. ट्रॅक्टरला एक बारीक शिट्टी आली. चढाला ती चढत जायची, उताराला उतरायची. शिनोलीतली माणसं शिट्टी ऐकून सांगायची, नाना आलं. धूर गेला. किसननं नव्या ट्रॅक्टरचं नाव काढणं सोडलं. रविवारचा चहा लांबला, त्यात पोहे आले. एकदा तर किसन भिंतीवरून म्हणाला, "दादा, आज शुक्रवारच हाय, पर च्याला ये." ही बातमी द्यायला नाना शिनोलीहून मंचरला खास आले होते. माझ्याकडून काहीच घेतलं नाही. नुसतं सांगितलं, तेल हुंगलं आणि गेले.

पण सवय काही सुटेना. पावसाळ्यात नाना तळेघरच्या बाजूला भाताच्या खाचरांची चिखलणी करायला ट्रॅक्टर घेऊन जायचे. एकदा मीही गेलो. वर सगळं ढगात बुडालेलं. रस्त्याकडेच्या एका मोठ्या खाचरात इंजिन जिवाच्या आकांतानं चिखल ओढत होतं, शिट्टी टिपेला पोचली होती. नाना बांधाला आले. तिथं इरलं डोक्यावर घेऊन एक म्हातारी उभी. तिनं हात वर केला. नानांनी दांडी ओढली.

"नाना, बंद नका करू!" मी ओरडलो. तोवर इंजिन गप्प झालं होतं. टर्बोची चक्री मात्र तेलावाचून एकटीच फिरत होती. तिचा आवाज किती वेळ कण्हल्यासारखा येत राहिला. मग करपट वास आला.

म्हातारीला एवढंच विचारायचं होतं, "ल्येका, उंद्या माझ्या खाचरात येशील का?" नाना म्हणाले, "येतो मावशी." ती गेली.

"अभंग?" मी विचारलं.

"निम्मा झाला व्हता. म्हातारी पावसात हुबी व्हती."

"मग चालू ठेवून बोलायचं!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, कीव केल्यासारखं. "तुमच्या जुन्नरला मानसं न्हाईत का रं?"

तरी त्यांनी प्रयत्न केला. मला वाईट वाटू नये म्हणून असेल, नाही तर मिस्त्रीच्या शब्दाखातर. कुणी बोलायला आलं की पंजा वर करून 'थांबा' अशी खूण करायची आणि मनात अभंग म्हणायचा, असं ठरवलं. गावात बोभाटा झाला की नानाला ट्रॅक्टरचा माज आला, बोलाया गेलं तर हात दावतो. एक चुलत मेव्हणा रुसून लग्नाचं आमंत्रण न देता गेला. नानांनी खूण सोडून दिली.

आणि किसन? किसननं स्क्रू फिरवला. एकदा थोडासा, मग आणखी थोडा. डबल ट्रॉली भरून तो नव्या ट्रॅक्टरांच्या पुढे काढू लागला. काळा धूर परत आला, पण आता तो ताकदीचा धूर होता, त्याचं कौतुक व्हायचं. मला कळलं ते असं, की किसन एक दिवस दुकानात आला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "शेठ, पंपाचा स्क्रू वाईच फिरवला व्हता, हेड गॅस्केट गळतंय. नवं द्या. आन् दादाला सांगू नका." तेवढ्यात बाहेर एक ट्रॅक्टर थांबला आणि बंद झाला. बंद झाला म्हणजे नाना. आठवडा त्यांचा होता. किसन रोटाव्हेटरच्या पात्यांच्या ढिगामागं बसला. नाना आत आले, इकडं-तिकडं बघितलं आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "इंजिनेर, टर्बोचा दांडा वाईच हलतोय. बुशी मिळत्याल का? आन् किसनला कळू देऊ नको. त्याला वाटंल, दादानं खराब केला, मंग इकायचं काढंल."

मी बुशी शोधायला फडताळाशी वळलो आणि माझ्याच पायानं ढीग ढासळला. पाती खणखणत खाली आली. पण किसन त्याआधीच मागच्या दारानं सटकला होता, गॅस्केट न घेता. नाना म्हणाले, "मांजर हाय का?" मी म्हटलं, "हो, मोठं आहे."

त्यानंतर कितीतरी महिने ते दोघंही आलटून-पालटून माझ्याकडे येत राहिले. एकानं रविवारी दिलेलं इंजिन दुसरा सोमवारी गुपचूप दुरुस्त करून घ्यायचा. एकानं केलेली दुरुस्ती दुसऱ्याला ठाऊक नसायची. प्रत्येक जण त्या इंजिनाला जगवत होता आणि प्रत्येक जण भावाला कळू नये म्हणून जिवाचं रान करत होता. मी पुष्कळ वेळा म्हटलं, "नाना, बोलून घ्या ना त्याच्याशी." त्यावर नाना म्हणायचे, "बोलल्यावर मंग काय ऱ्हायलं? आत्ता निदान च्या तरी हाय."

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. किसननं मला रविवारी घरी बोलावलं होतं. तेल फार खातोय, एकदा बघा म्हणून. मी त्याच्या अंगणात बाजेवर बसलो होतो, चुलीवर चहा उकळत होता. नानांनी पहाटेच सातगाव पठारावरून बटाट्याची ट्रॉली भरून मंचरला टाकली होती आणि परत येताना ट्रॅक्टर किसनच्या दारात लावायचा होता. शिट्टी ऐकू आली, पण तिच्यात काहीतरी घासत होतं. नाना अंगणात आले. किसन पुढं झाला. "ये दादा."

नानांनी दांडी ओढली. इंजिन थांबलं नाही.

त्यांनी पुन्हा ओढली. इंजिन कमी होण्याऐवजी वाढायला लागलं. टर्बोचा दांडा आत तुटला होता. तेलाची वाट उघडी पडली होती आणि इंजिन आता डिझेलवर नाही, स्वतःच्याच तेलावर पळत होतं. त्याला बंद करायची दांडी नसते. आवाज चढत गेला, इतका की बाजेचे पाय थरथरायला लागले. पांढरा धूर घरात शिरला. आत बायका ओरडल्या. किसन ओला गोणपाट घेऊन इंजिनात हवा जायचं तोंड दाबायला धावला. नानांनी खाली उडी टाकली आणि त्याला कंबरेला मिठी मारून मागं ओढलं. "हात जाईल, किसन! हात जाईल तुझा!"

"सोड दादा! गेर टाकून बंद पाडायचा व्हता की त्यो!"

"ऱ्हाऊ दे! मरू दे त्याला!"

मी काय करत होतो? मी बाजेखाली होतो. इंजिनेर.

मग एक धडाका झाला. कनेक्टिंग रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला, गरम तेल तुळशीवृंदावनावर उडालं, आणि सगळं गप्प झालं. नानांनी अजून किसनला धरून ठेवलेलं होतं. दोघंही धापा टाकत होते. लहानपणी कडेवर घेतल्यानंतर नानांनी त्याला एवढा घट्ट धरल्याचं ते बहुधा पहिल्यांदाच. मग किसननं नानांचे हात हळूच सोडवले.

पुढच्या आठवड्यात वसंत मिस्त्रीनं इंजिन उघडून एका पोत्यावर मांडलं. पिस्टनचं डोकं एका बाजूनं वितळून गुळाच्या खड्यासारखं झालेलं. ते जादा डिझेलचं काम. टर्बोच्या बेअरिंगवर करपलेल्या तेलाचा काळा, काचेसारखा थर. ते गरम गरम बंद करण्याचं काम. मिस्त्रीनं दोन्ही वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या आणि पान लावायला घेतलं. नाना पिस्टनकडे बघत होते. किसन बेअरिंगकडे बघत होता. मी वाट पाहिली की आता दोघांपैकी एक जण शिवी देईल, दुसरा दुप्पट देईल, भिंत-वाटण्या-पंच सगळं बाहेर निघेल. देवाशपथ, मला ते हवं होतं. पण दोघंही समजूतदार निघाले. कुणी कुणाला एक शब्द बोललं नाही.

शेवटी किसन म्हणाला, "जाऊ दे दादा. लई वर्सं टिकला. आता मी घेतो एक. माझ्यापुरता."

नाना म्हणाले, "घे. मोठा घे."

निळा ट्रॅक्टर भंगारवाला घेऊन गेला. त्यानंतरच्या रविवारी नाना आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसले, असं नानांच्या घरच्या काकू मला म्हणाल्या. दुपारी त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. त्याच्या पुढच्या रविवारी घातलीच नाही. भिंतीपलीकडे किसनचा नवा ट्रॅक्टर येताना-जाताना ऐकू यायचा. कारखान्यातूनच टर्बो बसवून आलेला होता, त्याला काही होत नव्हतं. भांडण नव्हतं. रस्त्यात भेटले तर "बरं हाय ना?" "बरं हाय." एवढं व्हायचं. पण दारात जायला काही कारण लागतं. त्या दोघांना ते पुन्हा सापडलं नाही, आणि कारण नसताना जाण्याची ताकद दोघांच्यातही नव्हती.

नाना दुकानात यायचे थांबले नाहीत. एसटीनं यायचे. त्यांना काही घ्यायचं नसायचं. उलट्या डब्यावर बसायचे, गिऱ्हाइकं पाहायचे. कुणी जुना ट्रॅक्टर विकायची भाषा केली की विचारायचे, "का? चांगला हाय की." एकदा दुकानात कुणी नव्हतं. ते म्हणाले, "मला वाटायचं, इंजन तेवढं टिकवायचं. बाकीचं त्याच्यामागं आपसूक टिकतंय." मला एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी वात्रट सुचतं. त्या दिवशी मी नुसता चहा मागवला. त्यांनी घेतला नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते रंजनाच्या लग्नात, मंचरच्या एका मंगल कार्यालयात. किसननं नानांना रीतसर पत्रिका दिली होती, नवरा-बायको दोघं जाऊन, अक्षता लावून. काहीही कमी केलं नव्हतं. मी पोचलो तेव्हा माइकवाला नेहमीसारखा आलेल्या पाहुण्यांची नावं पुकारत होता. अमुक गावचे माजी सरपंच, तमुक सोसायटीचे चेअरमन, आणि त्याच सुरात, हातातल्या चिठ्ठीवरून, "शिनोलीचे प्रगतशील शेतकरी सोपानराव यांचं आगमन झालेलं आहे, वधूपक्षाच्या वतीनं त्यांचं हार्दिक स्वागत." एका अनोळखी माणसानं नानांच्या हातात टॉवेल, टोपी आणि नारळ ठेवला. नाना मला बघून हसले, नारळ मांडीवर घेतला आणि माझ्यासाठी शेजारची खुर्ची पुसली.

अक्षता पडल्या. मग व्याहीभेट. वडील वडिलांना भेटले, मामा मामांना भेटले. माइकवाला म्हणाला, "आता नवरदेवाचे चुलते आणि नवरीचे चुलते, पुढं यावं."

नाना उठले. नारळ मला दिला, धोतर झटकलं, एक पाऊल टाकलं. तोवर स्टेजवर फेटा बांधलेला किसनचा एक चुलतभाऊ हार घेऊन पुढं झालाही होता. दोन्ही चुलत्यांनी मिठी मारली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. किसन तिथंच उभा होता. त्यानं खाली पाहिलं असेल-नसेल, मला सांगता येणार नाही. मध्ये फोटोवाल्याचा दिवा होता. नाना उभेच राहिले. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही हात वर करून, मागच्या लोकांना दिसाव्यात अशा.

"चला इंजिनेर," ते म्हणाले. "पावण्यांची पंगत बसली."

घरचे लोक शेवटी जेवतात. आम्ही पहिल्या पंगतीत बसलो. किसन यजमान म्हणून बुंदीचं भांडं घेऊन पंगतीतून फिरत होता, एकेका पानापुढं वाकून आग्रह करत. "घ्या पावणं, लाजू नका. घ्या, पोटभर जेवा." दमला होता, घाम आला होता, शब्द आपोआप येत होते. नानांच्या पानापुढंही तो तसाच वाकला आणि तेच म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. हातातला वाढायचा डाव हवेतच राहिला.

नानांना साखरेचा आजार होता. हे किसनला ठाऊक नसावं. अलीकडेच निघाला होता. नानांनी आधी पानावर आडवा धरलेला हात काढून घेतला.

"वाढा," ते म्हणाले.

किसननं वाढलं. थोडं जास्तच वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेला. नाना मान खाली घालून एकेक घास करत सगळी बुंदी जेवले. पाहुण्यानं पानात टाकायचं नसतं.